सुईची चौथी खाच

लाईट गेली की आमच्या गल्लीतली माणसं वैतागून दारात येत, आणि एकटे मिस्त्री खुशीत हात पुसत उठत. शेजारची पिठाची गिरणी थांबलेली असे, मागची डाळ मिल थांबलेली असे, समोरच्या सलूनमधलं गाणं अर्ध्यावर तुटलेलं असे. मिस्त्री दोन्ही कानांतले कापसाचे बोळे काढून शर्टाच्या खिशात ठेवत आणि म्हणत, "चला. आता ऐकू येतंय." मग खुंटीवरची दीड हात लांब रबरी नळी काढत. तिचं एक टोक कानात आणि दुसरं मोटारसायकलीच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी.

त्या वर्षांत लातूरला लाईट रोज जायची, कधी दिवसातून दोनदा. म्हणून मिस्त्रींचा धंदा जोरात असेल असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. ते दिवसाला एकच गाडी घेत. दुसरी कुणी आणली तर म्हणत, "कान थकला आज. उद्या ये."

दुकान म्हणजे डाळ मिलच्या मागच्या भिंतीला टेकवलेले चार पत्रे. मिस्त्री देगलूरकडचे. तरुणपणी हैदराबादेत विलायती गाड्यांवर काम केलेलं. त्यांना नाव होतं, पण मी ते लिहीत नाही. त्यांची सगळी मिळकत म्हणजे त्यांचा कान होता. तो शाबूत असताना त्यांचा त्यावरचा भरवसा मी घालवला. ते कसं झालं एवढंच मला सांगायचं आहे. पण मिस्त्री कसे होते हे आधी सांगितल्याशिवाय काय गेलं ते कळणार नाही.

मी मूळचा नांदेडचा. नोकरी लागली ती लातूरला, कनिष्ठ लिपिकाची, प्रोबेशनवर. जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा नवा आणि सामान जुनं. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीतून वाटणीला सव्वीस खुर्च्या आल्या, त्यातल्या सात डुगडुगत्या. एक टाइपरायटर आला, त्यावर 'र' उमटत नसे. आणि एक मोटारसायकल आली. विलायती, दोन सिलिंडरची, निजामाच्या काळात कुणा अधिकाऱ्यासाठी आणलेली. ती कुणालाच नको होती. सगळ्या जीपा टँकरच्या कामाला लागलेल्या. मला मोटारसायकल चालवता येत होती, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली.

माझं काम साधं होतं. गावोगावी जायचं, दोरीला वजन बांधून विहिरीतलं पाणी मोजायचं, टँकर खरंच येतो का ते बघायचं आणि वहीत लिहायचं. आकड्यांचं मला पहिल्यापासून वेड. गाडी एका लिटरला किती जाते हेही मी रोज लिहीत असे. ती फार कमी जात होती. चढावर धापा टाकायची, उतारावर फटाके फोडायची. कुणीतरी म्हणालं, तुझ्याच गल्लीत डाळ मिलच्या मागं एक येडा मिस्त्री हाय, त्याला दाखव.

मी गाडी घेऊन गेलो. मिस्त्रींनी ती चालू करायला सांगितली नाही. मला म्हणाले, "एक नाकपुडी दाब."

मला वाटलं थट्टा आहे.

"दाब की. आन् पळत मिलला चक्कर मारून ये."

मी सरकारी माणूस, पण मारली. धापा टाकत परत आलो तर ते बिडी पेटवत होते. "कळलं का गाडीला काय होऊन राहिलं ते? एका नाकानं पळून राहिली ती."

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं. बहुतेक गाड्यांना ते एकच असतं. या गाडीला दोन सिलिंडर, म्हणून दोन कार्बोरेटर. मूठ एकच, तिची वायर मध्येच दुभंगून दोन्हीकडे जाते. मूठ पिळली की दोन्हीकडच्या झडपा एकाच क्षणी आणि सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत. मिस्त्री आधी गाडी बंद ठेवूनच मूठ पिळून सोडत आणि डोळे मिटत. झडपा खाली पडल्या की बारीक 'टक' वाजतो. "दोन टक ऐकू आले तर काम न्हाई झालं. एकच टक पायजे." मला पहिल्यापासून एकच ऐकू येत होता. त्यांना दोन ऐकू येत होते. मग ते वायरीचा स्क्रू पाव फेरा फिरवत, पुन्हा सोडत. शेवटी गाडी चालू करून नळी कानाला. या बाजूचा फुसकारा, त्या बाजूचा फुसकारा. हात स्क्रूवर आणि नजर कुठंतरी पत्र्यावर.

"किती फेरे दिले, मिस्त्री?" मी वही काढून विचारायचो.

"मोजले न्हाई."

"अंदाजे सांगा."

"अंदाजे पायजे तर तुझ्या वहीत हाय की लई. माझ्याकडं कशाला येतो?"

ते सगळ्यांना अरे-तुरे करत. मला, गिरणीवाल्याला, आणि एकदा गाडी बघायला आलेल्या आमच्या साहेबांनासुद्धा. साहेबांना त्यांनी नाकपुडी दाबायला सांगितलं नाही, पण "जरा गप उभा ऱ्हा" म्हणाले. साहेब गप उभे राहिले. नंतर मी मिस्त्रींना म्हणालो, साहेबांना तरी 'तुम्ही' म्हणा. ते म्हणाले, "मला मराठी तेवढीच येती. तेलुगूत बोलू का त्याच्याशी?"

कानाला ते फार जपत. भावाच्या मुलीचं लग्न देगलूरला होतं, तर हे बँड थांबेपर्यंत गावाबाहेरच्या पुलावर बसून राहिले आणि अक्षतांना तेवढे पोचले. नवरीचा बाप रुसला. मिस्त्री म्हणाले, "तुझी पोरगी उद्या नांदंल. माझा कान गेला तर कोण आणून देईल?"

आमच्या गल्लीच्या तोंडाला हातपंप होता. एका संध्याकाळी बायका पाणी भरत होत्या आणि मिस्त्री जाता जाता थांबले. दांड्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "आठ दिस." बायका हसल्या. माझे घरमालक अप्पा आडतीवरून येत होते, कपाळावरच्या भस्माचे पट्टे घामाने ओघळलेले. ते म्हणाले, "मिस्त्री, पंपालाबी नळी लावता का?" मी मात्र वहीत तारीख लिहून ठेवली. नवव्या दिवशी सकाळी पंपाने नुसती हवा ओढली. त्यानंतर बायका पाणी भरताना त्यांना हाक मारून विचारायच्या, "मिस्त्री, किती दिस?"

पाण्याची अशी तऱ्हा, तर हात धुवायला कुठलं पाणी. मिस्त्री रॉकेलने हात पुसत, वर भुसा चोळत आणि भाकरी फडक्यात गुंडाळून फडक्यातूनच तोडून खात. ग्रीसचा वास भाकरीला लागायचा नाही, त्यांना लागायचा.

काम झालं की ते कार्बोरेटरच्या झाकणावर आणि स्क्रूवर लाल लाख वितळवून थेंब टाकत आणि तो गरम असतानाच त्यावर अंगठा दाबत. अंगठ्याची कातडी मेलेली, भाजायचं नाही. "ही लाख तुटली तर माझ्याकडं यायचं न्हाई. कोणी खोललं, कोणी फिरवलं, मी जबाबदार न्हाई. लाख हाय तवर मी जबाबदार." यात सूट नव्हती. गंज बाजारातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याची गाडी त्यांनी याच कारणावरून परत पाठवली होती.

आता माझं.

वैशाखात मिस्त्री आठ दिवस देगलूरला गेले. रस्त्यांवर धूळ इतकी की गाडीचा रंग ओळखू येत नव्हता. एका रविवारी अप्पांच्या अंगणात मी गाडी पुसायला घेतली. कार्बोरेटरमध्ये धूळ गेली असेल असं वाटलं. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. आत काय आहे ते मला बघायचं होतं. मिस्त्री जे आकडे सांगत नव्हते ते मला हवे होते. मी चाकूने लाख खरवडली.

झडपेच्या पोटात एक बारीक सुई असते. तिच्या डोक्याशी पाच खाचा. वरून मोजत ज्या खाचेत चिमटी अडकवाल त्यावर सुई किती उंच राहते ते ठरतं. खाच जितकी खालची तितकी सुई उंच आणि पेट्रोल जास्त. डाव्या कार्बोरेटरची सुई मी काढली, चिमटी तिसऱ्या खाचेत होती. उजव्याची काढली, ती चौथ्या खाचेत.

मी दोन्ही सुया वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला आनंद झाला. मिस्त्रींची चूक सापडली. दोन सिलिंडर सारखे, दोन कार्बोरेटर सारखे, मग सुया वेगळ्या का? उजवीकडे जास्त पेट्रोल जातं, म्हणून गाडी लिटरला कमी जाते. हिशेब अगदी सरळ होता. अप्पा दाराशी बसून बघत होते. म्हणाले, "बाबू, मिस्त्रीला विचारून करावं." मी म्हणालो, "विचारून ते सांगतात कुठं?"

उजव्या सुईची चिमटी मी तिसऱ्या खाचेत घातली. दोन्ही स्क्रू पूर्ण आवळून मोजून दीड-दीड फेरा सैल केले. सगळं सारखं झालं.

मग लाखेचा प्रश्न आला. सीलबंद लखोट्यांसाठी कचेरीत लाख असायची, तीच ती लाल. सोमवारी मी कांडी घरी आणली, थेंब टाकले आणि मिस्त्रींसारखा अंगठा दाबला. माझी कातडी मेलेली नव्हती. फोड आला. आठवडाभर मी पेन दोन बोटांत धरून लिहीत होतो.

चार दिवस गाडी लिटरला तीन किलोमीटर जास्त गेली. ते मी वहीत लाल शाईने लिहिलं.

पाचव्या दिवशी साहेब मागं बसले. जळकोटकडच्या एका गावाने टँकर मागितला होता. विहिरीत दीड हात पाणी असल्याचं मी लिहून आणलं होतं, पण साहेबांनी स्वतः बघून सही करायची होती, आणि जीप मिळाली नाही. दुपारचे बारा. अर्ध्या वाटेवर एका लांब चढाला गाडीतून टिणटिण असा आवाज आला, भांड्यात खडे टाकल्यासारखा. मी मूठ आणखी पिळली. दोन मिनिटांनी मागचं चाक एकदम धरलं गेलं, गाडी आडवी सरकली आणि आम्ही दोघं बाजूच्या मुरमात पडलो. साहेबांचा गुडघा फुटला. उजवा सिलिंडर इतका तापला होता की त्यावर उडालेली थुंकी चुरचुरली. पिस्टन आत चिकटला होता.

त्या दिवशी साहेब गावात पोचले नाहीत. पुढे त्यांच्या बैठका होत्या. त्या गावाला टँकर चार दिवस उशिरा सुरू झाला. चार दिवस, दीड हात पाणी, एकशे दहा घरं. हे आकडेही माझ्याच वहीत आहेत.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गाडी मिस्त्रींकडे आणली. ते आदल्या दिवशीच देगलूरहून आले होते. साहेब लंगडत उभे. म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीच केली होती ना गाडी?"

"हाव, मीच केली." मिस्त्री खाली बसले. आधी लाख बघितली. तिच्यावरून बोट फिरवलं. मी फोडाचा अंगठा मुठीत दडवून उभा होतो. "लाख जागेवर हाय," ते म्हणाले. मग उजव्या सिलिंडरचा प्लग काढला. मिस्त्रींच्या हातचा प्लग नेहमी विटकरी रंगाचा निघायचा. पेट्रोल आणि हवा बरोबर असल्याची ती खूण. हा चुन्यासारखा पांढरा होता, म्हणजे पेट्रोल कमी पडून सिलिंडर तापला होता.  मग झाकण खोलून सुई बाहेर काढली आणि नखाने खाचा मोजल्या. एक, दोन, तीन. पुन्हा मोजल्या.

"या बाजूचा जबडा, सिलिंडरला जोडायचं तोंड, वाकडा हाय, जास्तीची हवा खातो," ते सुईशीच बोलल्यासारखं म्हणाले. "म्हणून मी हितं चौथी ठेवतो. ठेवतो म्हणजे... ठेवायला पायजे होती." मग त्यांनी वर बघितलं. "बाबू, तू होतास तवा. मी चौथी म्हणालो होतो का न्हाई?"

ते तसं काहीच म्हणाले नव्हते. ते कधीच आकडा सांगत नव्हते. पण चौथी होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मला इतकंच म्हणायचं होतं की चौथी होती, मी बदलली. साहेब शेजारी उभे होते. सरकारी गाडी परवानगीशिवाय खोलली, साहेबांना पाडलं, नोकरी अजून पक्की नाही.

मी म्हणालो, "मला आठवत नाही, मिस्त्री."

"तुला आठवत न्हाई म्हंजे मी न्हाईच ठेवली," ते म्हणाले. "तू तर सगळं लिहून ठेवतो."

अहवाल मीच लिहिला. किलोमीटर, वेळ, अंतर, सगळे आकडे बरोबर. 'कार्बोरेटरवरील लाख सुस्थितीत आढळून आली' असंही लिहिलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. साहेबांनी वाचून म्हटलं, व्यवस्थित लिहितोस. पुढं नोकरी पक्की झाली.

मिस्त्रींनी हैदराबादेहून ओळखीने जुना पिस्टन आणवला, सिलिंडर घासून घेतला आणि मजुरी नाकारली. साहेबांना म्हणाले, "तुमाला लागलं साहेब, माझ्यामुळं. त्या गावाचंबी पाणी ऱ्हायलं." ते साहेबांना 'तुम्ही' म्हणाले हे माझ्या लक्षात आलं. मलाही म्हणायला लागले. हातपंपाला थोडं पाणी पुन्हा आलं होतं. बायकांनी हाक मारली, "मिस्त्री, किती दिस?" ते न थांबता म्हणाले, "मला काय कळतंय? बाबूंना इचारा, ते मोजत्यात."

वर्षभरात त्यांनी दोन सिलिंडरच्या गाड्या घेणं बंद केलं. मग मोटारसायकलीच बंद केल्या. पत्र्याखाली सायकलींच्या ट्यूबा लोंबायला लागल्या. माझी बदली नांदेडला झाली तेव्हा ते पंक्चर काढत होते. कानात कापूस नव्हता.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन सांगून यायचं होतं. म्हातारे झाल्यावर देगलूरलाच परत गेले म्हणता ना?" नांदेडहून देगलूरला थेट बस होती. माझ्याकडे रविवार होते. मी गेलो नाही. पुढं कचेरीतल्या एका देगलूरच्या माणसाकडून कळलं की मिस्त्री वारले.

पण बायकोला मी अर्धंच सांगितलं आहे. राहिलेलं असं.

गाडी जोडून झाली तेव्हा मी रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसत होतो. सांगायची दोन वाक्यं मी मनात तयार केली होती. पहिल्या दिवशी लाईट गेली, मिस्त्रींनी गाडी चालू केली, नळी कानाला लावली. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. स्क्रू पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं. पूर्वी हे काम अर्ध्या तासाचं होतं. लाईट परत आली, गिरणी सुरू झाली, तरी काम झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. ते मान हलवत, नळी काढत, फुंकर मारून साफ करत, पुन्हा लावत.

तिसऱ्या दिवशी लाईट गेली तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यांनी गाडी चालू केली. पाच-सात वेळा नळी इकडून तिकडे नेली. मग कानातून काढली, सदऱ्याला पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"तुमचे कान जवान हायत बाबू. बघा जरा, दोन्ही सारखे हायत का."

मी बसलो. नळी कानात घातली. उजवीकडे वाऱ्यासारखा आवाज येत होता. डावीकडे वाऱ्यासारखा आवाज येत होता. त्यात जास्त-कमी काय ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि कितीही वेळ ऐकलं असतं तरी कळलं नसतं. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा हात अजून स्क्रूवर होता. त्यांच्या बोटांना बहुतेक कळलं होतं की आणखी थोडं फिरवायचं आहे, कारण ती हलायच्या बेतात होती. माझी दोन वाक्यं तयार होती.

मी म्हणालो, "सारखे आहेत."

"हाव?" त्यांनी विचारलं.

"हो. अगदी सारखे."

त्यांनी मान हलवली आणि स्क्रूवरचा हात काढून घेतला.